बिनधास्त स्वभाव की तलफ?
वर दोघातिघांनी लिहिलंय की बिनधास्त, धाडसी मुलंच लवकर सिगरेट-तंबाखूकडे वळतात. अर्धं पटलं. हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात साधारण हेच मांडलं होतं, बहिर्मुख माणसं जास्त ओढतात म्हणून, आणि उतावळेपणाचा संबंध तर नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही दिसलाय. पण सतत टेन्शन घेणारी, सगळं मनाला लावून घेणारी मुलं? तीही त्यात असतात की! मी स्वतः त्यातलाच. चार जणांत उभं राहिलं की हातांचं करायचं काय हेच कळायचं नाही, सिगरेट आली आणि तो प्रश्नच मिटला, वर 'माचिस आहे का' म्हणत अनोळखी माणसाशी बोलताही यायला लागलं.

अजून एक, ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातलं बरंचसं तलफेचंच असू शकतं. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं आणि तलफ डोकं वर काढते. मीटिंग लांबली की मी पेनाचं टोपण चावत बसायचो, कोणी साधं काही विचारलं तरी वसकन अंगावर जायचो, बाहेर जाऊन दोन झुरके मारले की एकदम गरीब गाय. सगळे म्हणायचे तापट आहे पण मनाचा चांगला (मलाही ते खरं वाटायचं). सोडली तेव्हा पहिले ३-४ दिवस घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, पण महिन्याभरात तो तापटपणा कुठे गेला कळलंच नाही. बुजरेपणा मात्र आहे तिथेच आहे.