तापानंतर सासऱ्यांची भूक मेलीय, किराईत द्यावं का?

गंधाली_डोंबिवली: सासरे ७४ वर्षांचे. टायफॉइड उतरला, पण ताट समोर आलं की तोंड फिरवतात. "चवच नाही" म्हणतात, पेजेवर दिवस काढतायत. कुडाळहून चुलत जावेने किराईताच्या वाळक्या काड्या पाठवल्यात. किती आणि कसं द्यायचं? मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे.

रानवाट_सावंतवाडी: आधी काड्या बघा. आपल्या परसातलं ते ओलं किराईत, म्हणजे कालमेघ. त्याचं खोड चौकोनी असतं. काडेचिराईत हिमालयातलं, त्याच्या काडीत पिवळसर भेंड असतं. दुकानात एकाच्या नावाखाली दुसरं सर्रास मिळतं. जावेने पाठवलेलं बहुधा कालमेघच असणार, आणि तो साखर उतरवू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको.

ते हो म्हणाले तर बोटभर काडी ठेचून अर्धा कप पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी गाळून दोन चमचे, जेवणाआधी अर्धा तास. घोट गटकन गिळू देऊ नका, जिभेवर घोळू दे. कडू लागलं की लाळ सुटते, पोटातले रस जागे होतात. चरकाने लिहून ठेवलंय की तिक्त, म्हणजे कडू, रस स्वतः रुचत नाही, पण अरुची घालवतो. म्हणून मी कॅप्सूल कुणाला सुचवत नाही. आठवडाभर द्या, मग थांबा. पोटात जळजळ किंवा अल्सर असेल तर मात्र देऊच नका.

औषधवाला: मेटफॉर्मिननेही भूक जाते, तोंडात धातूची चव येते. गोळी पोटभर जेवणासोबत घ्यायची असते, आणि ते तर पेजेवर आहेत! डोस बदलायचा का ते विचारा, पण स्वतःहून बंद करू नका. वजन उतरत असेल तर काढ्यावर वेळ घालवू नका.

गंधाली_डोंबिवली: वजन उतरलंय खरं. आणि गोळी ते सकाळी अनशापोटी घेतात! उद्याच डॉक्टरांकडे नेते. काड्या चौकोनीच आहेत.

रानवाट_सावंतवाडी: मग कालमेघच. काड्या सोबत न्या, दाखवा. तोवर जेवणाआधी आमसुलाचं सार गूळ न घालता वाटीभर द्या, आणि पेजेसोबत कुळथाची पिठी. मालवणी जिभेला ती ओळखीची आहे. ताट भरून वाढू नका, थोडं थोडं चार वेळा द्या.