एपीटी-लिस्टबग्जबद्दल थोडंसं

लिनक्सवर 'अपडेट आलं की डोळे मिटून टाकायचं' असा एक सल्ला असतो. डेबियन या लिनक्सच्या स्टेबल (पारखून पक्क्या केलेल्या) आवृत्तीला ते एकवेळ चालेल, टेस्टिंगला (अजून चाचणीत असलेल्या आवृत्तीला) नाही. तिथे आधी एपीटी-लिस्टबग्ज हे छोटं साधन टाका. पॅकेज बसवण्याआधी ते डेबियनच्या बग-यादीत बघतं आणि गंभीर तक्रार असली तर क्रमांकासकट दाखवून थांबतं. तेवढंच पॅकेज पिन करता येतं, म्हणजे त्याचं अपडेट रोखून धरता येतं. बग मिटला की पिन रोजच्या तपासणीत आपोआप निघते. आमच्या सीताबर्डीतल्या डीटीपीच्या मशीनवर ग्रब (मशीन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा बूटलोडर) असाच अडवलाय. लग्नसराईत पत्रिका सोडून बूटलोडर दुरुस्त करत कोण बसते बाप्पा!

अर्थात, कुणी तक्रार नोंदवली असेल तरच इशारा मिळतो. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाच्या ५.६.० आवृत्तीतलं मागचं दार (चोरून आत शिरायला मुद्दाम ठेवलेली वाट, बॅकडोअर) उघडकीला यायला महिनाभर लागला, तोवर ते टेस्टिंगमध्ये पोचलंही होतं.