अनुभव धागा : प्रवेश झाला, पुढे काय? खासगी शाळेतील नव्या कुटुंबांचे पहिले महिने

खासगी शाळेत चौकशीला गेल्यापासून प्रवेश निश्चित होईपर्यंत कुटुंबाची चांगली सरबराई होते. फोन येतात, इमारत फिरून दाखवली जाते, प्रत्येक शंकेचे निरसन होते. शुल्काची पावती हातात पडली की मूल ज्यांच्या स्वाधीन होते ती माणसे मात्र वेगळी असतात आणि आधीच्या संभाषणातले त्यांना बहुधा काहीच ठाऊक नसते. या धाग्याचा विषय हाच आहे : स्वागत नेमके कुठे तुटते आणि ते कोणी, कसे जोडून घेतले?

खासगी शाळेची आणखी एक अडचण आहे. मुले दूरदूरच्या वस्त्यांमधून येत असल्यामुळे शाळेबाहेर आपोआप ओळखी होत नाहीत, आणि पालक पैसे मोजत असल्यामुळे त्यांना तक्रार करणे सोपे जाते, पण ‘आमच्या मुलाला इथे करमत नाही’ हे सांगणे जड जाते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १२ वे कलम मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत स्वतःचे मत मांडण्याचा अधिकार देते. तेव्हा मुले स्वतः काय म्हणाली, तेही अवश्य लिहावे. शाळांची व व्यक्तींची नावे कृपया टाळावीत.

पाचवीतील मुलीची आई

प्रवेश अर्जात आम्हाला मुलीबद्दल पुष्कळ काही विचारले होते : आवडी, भीती, आजारपण, झोप, आधीच्या शाळेतील अनुभव. तिला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला सांगितले की ती अडखळते, आधी कल्पना दिली तर व्यवस्थित वाचते, हे मी त्यात स्पष्ट लिहिले होते. पहिल्याच आठवड्यात भाषेच्या तासाला तिला न सांगता उभे करण्यात आले आणि वर्ग हसला. मी भेटायला गेले तेव्हा बाईंना मनापासून आश्चर्य वाटले, कारण तो अर्ज कार्यालयातील कपाटात होता आणि त्यांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता.

राग येण्यासारखीच गोष्ट होती. पण बाईंनी पुढे जे केले त्याने तो उरला नाही. दुसऱ्या दिवशी कोणता परिच्छेद वाचायचा, त्याच्या समासात त्या आदल्या दिवशी पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवू लागल्या. वर्गातील कोणालाही ते कळले नाही. मुलगी घरी येऊन तेवढा परिच्छेद वाचून ठेवी. सहामाहीनंतर एकदा तिनेच बाईंना सांगितले की आता टिंब नको.

प्राथमिक विभागातील वर्गशिक्षिका

नव्या मुलाला सोबती नेमून देण्याची पद्धत आता बऱ्याच शाळांत आहे, पण सोबती कोण असावा याचा विचार फारसा होत नाही. सहसा वर्गप्रमुख किंवा पहिला नंबर असलेले मूल निवडले जाते. असे मूल सगळी माहिती चोख सांगते आणि मधली सुट्टी झाली की आपल्या जुन्या गटात निघून जाते. मी गेली काही वर्षे एकाऐवजी दोन मुले नेमते आणि त्यांतील एक शक्यतो आदल्या वर्षी नवे आलेले असते. नव्या माणसाला काय विचारायला संकोच वाटतो, हे त्याला अजून आठवत असते : स्वच्छतागृहात जायची परवानगी कशी मागायची, डबा कुठे बसून खायचा, कोणत्या शिक्षकांच्या तासाला वही विसरलेली चालत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. पहिल्या आठवड्यात सर्वांचे लक्ष नव्या मुलाकडे असते, त्यामुळे ते खुशीत असते. नवलाई ओसरली, खेळांचे गट ठरून गेले, की खरी परीक्षा सुरू होते आणि नेमक्या तेव्हाच शाळेचे ‘स्वागत’ संपलेले असते. म्हणून पालकांना पहिला फोन मी मुद्दाम महिनाभराने करते आणि त्यात अभ्यासाविषयी काही बोलत नाही. ‘घरी कोणाचे नाव घेतो?’ एवढेच विचारते. एकाही वर्गमित्राचे नाव घरी निघत नसेल, तर त्या मुलाची बसण्याची जागा बदलायची वेळ झाली असे मी समजते. गुणपत्रकातून हे कधीच कळले नसते.

आठवीतील मुलाचे वडील

थोडक्यात लिहितो. स्वागत म्हणून नव्या मुलांना प्रार्थनेनंतर मंचावर बोलावून स्वतःची ओळख करून द्यायला लावू नये. हेतू चांगला असतो, पण चौदा वर्षांच्या मुलाला सर्वांत नकोसे काय असेल, तर अनोळखी गर्दीने एकाच वेळी आपल्याकडे पाहणे. मुलगा घरी येऊन म्हणाला, ‘आता सगळ्यांना माझं नाव माहीत आहे आणि मला एकाचंही नाही.’

शालेय समुपदेशक

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ या वयोगटात साधारण सातांपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही समस्या असते. म्हणजे भरलेल्या कोणत्याही वर्गात अशी चारपाच मुले असू शकतात, आणि त्यांतील सगळी नवी नसतात. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. हा आकडा अनेक संस्थाचालकांना चैनीचा वाटतो.

माझा अनुभव असा की, त्रासात असलेले मूल माझ्या दारापर्यंत क्वचितच येते. ते आधी आजारी खोलीत जाते. पोट दुखते, डोके दुखते, मळमळते, आणि हे खोटे नसते. ताणाने पोट खरोखरच दुखते. म्हणून परिचारिकेच्या नोंदवहीवर मी नियमित नजर टाकते. एकच मूल एकाच वाराला, एकाच तासाच्या आधी पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या तासाला काय घडते ते पाहावे लागते. एका मुलीच्या बाबतीत कारण विषयाचे नव्हतेच : त्या तासाला जोड्या करून काम असे आणि तिला जोडीला घेणारे कोणी नसे. शिक्षकांनी जोड्या स्वतः ठरवायला सुरुवात केली आणि पोटदुखी थांबली. यात समुपदेशनाचे कौशल्य फार थोडे होते, नोंदवही वाचण्याचे अधिक.

गोपनीयतेबद्दल नव्या पालकांशी सुरुवातीलाच बोलून घ्यावे असे माझे ठाम मत आहे. मूल जे सांगते ते मी त्याच्या संमतीशिवाय घरी कळवत नाही; मात्र त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर गप्प राहता येत नाही, हे मी मुलालाही पहिल्याच भेटीत सांगते. आणखी एक, दिसायला किरकोळ : माझी खोली पूर्वी मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी होती. तिथे बसलेल्या मुलाने काहीतरी केले असणार, असा सर्वांचा समज होई. ग्रंथालयाच्या बाजूला खोली मिळाल्यावर मुले स्वतःहून येऊ लागली.

शुल्क सवलतीवर शिकणाऱ्या मुलाची आई

हे लिहावे की नाही, असा विचार करत होते. मुलाला सवलत मिळाली तेव्हा ही माहिती गुप्त राहील, असे सांगितले होते. पुढे शुल्क बाकी असलेल्यांची यादी वर्गात वाचली गेली. सवलतीची रक्कम जमा व्हायला उशीर झाल्याने त्याचे नाव तीत आले. कोणी चिडवले नाही, पण सहलीची सूचना आली तेव्हा त्याने ती मला दाखवलीच नाही. पैशांचा व्यवहार पालक आणि कार्यालय यांच्यातच राहावा, मुलाच्या हाती चिठ्ठीसुद्धा देऊ नये, एवढी एकच मागणी मी लेखी केली आणि ती मान्य झाली. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी व्याख्याने ठेवण्यापूर्वी शाळांनी अशा यादीवाचनाचा विचार करावा.

नातीला सांभाळणारी आजी

नातीचे पालकत्व माझ्याकडे आहे. अर्जावर आई आणि वडील असे दोनच रकाने होते; पालक सभेची पत्रे दोन वर्षे ‘आई-वडिलांस’ म्हणून येत राहिली. नव्या वर्गशिक्षकांनी पहिल्याच दिवशी मला विचारले, ‘तिच्यासमोर तुमचा उल्लेख कसा करू?’ मी म्हटले, ‘आजीच म्हणा.’ त्या एका प्रश्नाने मला शाळेत ताठ मानेने जाता येऊ लागले.

माजी विद्यार्थी

मी नववीत, तेही वर्ष निम्मे सरल्यावर दाखल झालो. माझ्या उच्चारांची नक्कल करण्याचा वर्गाला छंदच लागला होता. नक्कल करणारे दोघेच होते, बाकीचे हसत होते. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम या बाकीच्यांवरच भर देतो, हे मी पुष्कळ नंतर वाचले आणि लगेच पटले, कारण माझ्या बाबतीत तसेच झाले होते. एका मुलीने एकदा हसायचे थांबवून ‘पुरे आता’ म्हटले आणि त्या प्रकारातली मजाच गेली. शिक्षकांच्या दोन वेळच्या दटावणीने तेवढे साधले नव्हते.

माझ्यासाठी दुसरा आधार होता ग्रंथपालांचा. त्यांनी मला मधल्या सुट्टीत परत आलेली पुस्तके क्रमाने लावायचे काम दिले. सुट्टीत कुठे जायचे, हा रोजचा प्रश्न त्यामुळे सुटला. ती मदत होती हे मला तेव्हा कळले नाही, आणि ते बरेच झाले.

शाळेच्या कार्यालयातील कर्मचारी

पहिल्या अनुभवातील कपाट आमच्याकडेही होते, म्हणून लिहितो. अर्ज जपून ठेवणे हे आमचे काम; तो पुढे कोणाला द्यायचा, हे कोणी ठरवलेले नव्हते. आता प्रवेश निश्चित झाला की पालकांच्या संमतीने एक पानाची नोंद वर्गशिक्षकांकडे जाते. त्यात वैद्यकीय तपशील किंवा शुल्काची माहिती नसते. मुलाला घरी काय म्हणतात, त्याला काय जमते, कशाची धास्ती वाटते आणि दुपारी घ्यायला कोण येते, एवढेच असते. नव्या मुलांच्या नावांची यादी ग्रंथपाल, परिचारिका आणि बसमधील मदतनीस यांनाही दिली जाते. बसमधल्या मावशींचा उपयोग सर्वांत जास्त होतो. कोण कोणाजवळ बसते, कोणाला कोणी बसू देत नाही, हे त्यांना आमच्या आधी कळते. फक्त त्यांना आजवर कोणी विचारत नव्हते.

वर्षाच्या मध्यात येणाऱ्या मुलांचे काम अजून नीट बसलेले नाही. जूनमध्ये आलेल्यांची यादी एकगठ्ठा निघते, नोव्हेंबरमध्ये एकटे आलेले मूल राहून जाते. त्यासाठी कोणत्या शाळेने काय केले आहे, ते कोणी लिहिल्यास आम्हाला उपयोगी पडेल.