स्वतःचं काम लोकांपर्यंत कसं नेता? तुमचे अनुभव लिहा

ठाणे, जलरंग

मी जलरंगात काम करते. जुनी घरं, बाजार, एसटी स्टँड असलं काहीतरी. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायला लागल्यापासून चित्र काढण्यापेक्षा ते दाखवण्यातच जास्त वेळ जातोय. आणि दाखवायचं म्हटलं की लहानपणापासूनचं ते आडवं येतं, आपणच आपली टिमकी वाजवू नये वगैरे. आणि हे शिकवणारी आईच वर म्हणते, बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते! तर गॅलरी, एजन्सी, मॅनेजर कोणी पाठीशी नसताना तुम्ही कसं करता ते सांगा. टिप्स नकोत, त्या यूट्यूबवर ढिगाने पडल्यात. प्रत्यक्ष काय केलं ते लिहा.

माझं आधी सांगते. 'किंमतीसाठी मेसेज करा' हे लिहिणं बंद केलं. साइज, कागद, किंमत, कुरियर धरून की वेगळं, सगळं चित्राखालीच लिहिते. विचारायला लाजणारे लोक खूप असतात हो, ते आता सरळ घेतात, आणि घासाघीस करणारे आपोआप गळाले. दुसरं म्हणजे पूर्ण चित्रापेक्षा अर्धवट चित्रावर लोक जास्त बोलतात. तलावपाळीवर बसून काढताना अर्धा कागद कोरा असतानाचा फोटो टाकला की 'त्या कोपऱ्यावर आमचा क्लास होता', 'ती भेळेची गाडी घ्या ना' सुरू होतं. गाडी घेतली तर ते चित्र ती सुचवणाऱ्या बाईंचंच होऊन जातं, विकत घेवोत न घेवोत.

एका रंगाच्या कंपनीने सेट फुकट पाठवला आणि वापरून दाखवा पण 'जाहिरात' असं लिहू नका म्हणाले. मी लिहिलं. अ‍ॅस्कीच्या (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) 2021 च्या नियमावलीत तसं लिहायलाच सांगितलंय, आणि नसतं सांगितलं तरी लिहिलं असतं, कारण उद्या मी खरंच एखादा ब्रश चांगला म्हटला तर कोण विश्वास ठेवणार. त्यांनी परत काही पाठवलं नाही, असो.

नाशिक, गाणी

कवितांना चाली लावतो, गिटार आणि एक तबलेवाला मित्र, रेकॉर्डिंग घरातच भिंतीला गोधड्या लावून. आमच्यात सगळा खेळ आकड्यांचा झालाय. स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं बारा महिन्यांत 1000 वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत, त्यामुळे छोट्या लोकांची तगमग असते आणि नेमके तेव्हाच मेसेज येतात की इतके रुपये द्या, प्लेलिस्टमध्ये टाकतो, आकडा वाढवून देतो. हे ऐकणारे कान नसतात, बॉट असतात, म्हणजे आपोआप गाणं वाजवणारे प्रोग्रॅम, पकडले गेले तर गाणं खाली उतरू शकतं आणि वर डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीकडून, दंड लागू शकतो. दोन ओळखीचे लोक यात पोळलेत म्हणून कळकळीने लिहितोय.

माझं जे काही चाललंय ते घरगुती मैफलींमुळे. कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफे सरकवून, सतरंजी टाकून, पंचवीस-तीस माणसं, मध्ये चहा. कविता कुणाची, ती का घेतली, एवढं बोलायचं आणि गायचं, 'चॅनलला सबस्क्राइब करा' हे वाक्य त्या खोलीत तोंडातून निघतच नाही. पण आलेला माणूस पुढच्या वेळी दोघांना घेऊन येतो. अल्बम बँडकॅम्पवर (कलाकारांनी थेट गाणी विकायची वेबसाइट) आहे, ते डिजिटल विक्रीवर 15 टक्के घेतात, पण कुणी घेतला त्याचा ईमेल आपल्याला मिळतो, हे मला पैशापेक्षा मोठं वाटतं. परदेशातले मराठी लोक तिथून घेतात, इथल्यांसाठी क्यूआर कोड. आणि नवीन मुलांनो, कवी जाऊन 60 वर्षं झाली नसतील तर वारसांची लेखी परवानगी काढा. 'आम्ही श्रेय दिलंय की' हे चालत नाही.

डहाणू, वारली

आमच्याकडे उलटं आहे. आम्ही न करताच जाहिरात झालीये, कपावर, पडद्यावर, बिल्डिंगच्या कुंपणावर, फक्त काढणारे आम्ही नसतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे जगभर नेलं, 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 ला वारली चित्रांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी प्रदर्शनात बाई येऊन म्हणतात की हे तर आमच्या मुलीला शाळेत शिकवलंय, एवढं महाग कसं. मी भांडत नाही, समोर बसून काढायला लागतो. बांबूची काडी चावून टोक मऊ करायचं, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, खाली गेरूचं कापड. रेष चुकली तर पुसता येत नाही. थोडा वेळ बघितलं की किमतीचं बोलणं बंद होतं आणि ते खुर्चीच मागतात बसायला.

गिऱ्हाइकाला मात्र गोष्ट पाहिजे असते. 'याचा अर्थ काय?' गोल दिसला की जीवनचक्र, विश्वाचं रहस्य असं सांगून विकणारे खूप आहेत, खपतंही. मी तारपा नाच असेल तर तारपा नाच सांगतो, मधला माणूस तारपा वाजवतोय, रात्रीचं नाचतात, झालं. त्यात जे खरंच आहे तेच इतकं आहे की वरून कशाला चिकटवायचं. लग्नाचा चौक वेगळा, तो लग्नघरात सवासिनी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, आत पालघट देवी असते. तसा चौक कुणी ऑर्डर देऊन मागितला तर माझी आत्या नाही म्हणते, दुसऱ्या घरातले देतात, मी त्यांना नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण रीलसाठी लग्नघरात मोबाईल घेऊन शिरायचं नाही, हे माझ्यापुरतं ठरवलंय. प्रत्येक कापडामागे नाव, गाव, पाडा लिहितो. दुकानदार म्हणतो नको लिहू, गिऱ्हाईक थेट तुझ्याकडे येईल. अरे मग त्यासाठीच तर!

ठाणे, जलरंग

@डहाणू, दुकानदाराचं वाक्य वाचून जोरात हसले. पाड्याचं नाव लिहिणं खूप आवडलं, मी फक्त सही करते.

सोलापूर, प्रायोगिक नाटक

पहिल्या प्रयोगाच्या आधीच पोस्टरवर 'तुफान प्रतिसाद' छापायची आपल्याकडे परंपरा आहे. आम्ही ते सोडलं, पोस्टरवर नाटक कशाबद्दल आहे, किती वेळाचं आहे, मध्यंतर आहे का, लहान मुलांना आणावं का, एवढंच.

आणि पास बंद. नातेवाइकांनासुद्धा. यावरून घरात अबोले झालेत, माझ्या काकांनी वर्षभर टोमणे मारले. पण फुकट आलेला माणूस पहिल्या रांगेत बसून फोन घेतो आणि तिकीट काढून आलेला भांडतो तरी, म्हणतो दुसरा अंक लांबला, ते मला चालतं.

व्हॉट्सॲपचं एक सांगतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 लोक बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे प्रयोग संपला की मेकअप पुसायच्या आधी आम्ही सगळे दाराशी उभे राहतो आणि सरळ सांगतो, पुढचा प्रयोग कळवू, नंबर आत्ताच सेव्ह करा. लोक करतात, कारण नाटक अजून अंगावर असतं. त्या लिस्टवर फक्त प्रयोगाची तारीख जाते. सुप्रभात नाही, नटांचे वाढदिवस नाहीत. एकदा एका नटाने त्यावर भावाच्या दुकानाचं उद्घाटन टाकलं, त्याच्याकडून लिस्ट काढून घेतली.

मुंबई, व्यक्तिचित्रं

मी पोस्ट-बिस्ट काही टाकत नाही. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर बसतो, माणूस समोर बसवतो, चारकोलने चेहरा काढतो. मागे जमलेली गर्दी हीच जाहिरात. लोक व्हिडिओ काढतात, काढू देत. जहांगीरच्या आत लावायचं तर तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबा, बाहेर पावसाळा सोडला तर रोज प्रदर्शन.

फोंडा, कावी

गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावी असते, तांबडी माती आणि चुन्याचे थर देऊन वरचा थर कोरून काढतात. मी त्या पद्धतीने फरशा आणि छोटे पॅनल करते. टुरिस्टांना समुद्र, माड, स्कूटर पाहिजे, 'गोवन वाइब' म्हणे. सुरुवातीला दिलं, महिना निघायचा. आता ते सीझनला थोडं करते, नाकारत नाही, पण माझ्या पानावर फक्त कावी टाकते, म्हणजे येणारी ऑर्डर कावीचीच येते. हे हळू होतं, फार हळू. देवळातल्या भिंतीचे फोटो टाकायच्या आधी देवस्थानला विचारते आणि कुठल्या देवळातली नक्षी ते खाली लिहिते, त्यामुळे तिथले महाजनच (देवस्थानचे सभासद) पोस्ट पुढे पाठवतात.

न्यू जर्सी, मातीची भांडी

मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावते. इथे सगळे कौतुक करून, फोटो काढून जातात, 'कार्ड द्या हं'. मी कार्ड ठेवणं बंद केलं. त्याऐवजी एक कप हातात देते, त्यात चहा, पिऊन बघा म्हणते. हातात बसला की घेतात.

जळगाव, कविता

कवितासंग्रह स्वतःच्या पैशाने छापला की पहिली अपेक्षा म्हणजे 'सप्रेम भेट'. 2024 ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा मित्राच्या स्टॉलवर एक कोपरा मिळाला. पुस्तक घ्या म्हणायचं जिवावर येतं, म्हणून मी थांबलेल्या माणसाला विचारायचो, एक कविता वाचून दाखवू का? छोटी. कुणी नको म्हणालं नाही. काही जण ऐकून नुसते निघून जायचे, तेही बरं वाटायचं. एक शेतकरी आजोबा तीन ऐकून गेले आणि संध्याकाळी नातवाला घेऊन आले, याला ती कापसाची ऐकवा म्हणाले. पुस्तक नातवाने घेतलं, यूपीआयने.

@नाशिक, चाली लावता म्हणताय तर माझ्या दोन-चार पाठवू का? परवानगी जागेवर देतो, लेखी.

नाशिक, गाणी

पाठवा की! कापसाची आधी. आणि आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, तुम्ही कुठे थांबता ते कळलं की चालीचं सोपं जातं.