टायटन मोबाईल लाईट बोर्डला टच मॉनिटर जोडायचाय: १५.६ इंची घेऊ की २२?

लाईटवाला_नंदगड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या जत्रांच्या नाटकांना मी लाईट करतो, अधूनमधून बेळगावात स्पर्धेची नाटकंही असतात. धंदा वडिलांचा, मंडप आणि लाईटचा. गेल्या दिवाळीला ॲव्होलाइट्स कंपनीचं टायटन मोबाईल, म्हणजे लाईट चालवायचा बोर्ड, सेकंडहँड घेतलं. फेडरांचा (सरकत्या बटणांचा) बोर्ड यूएसबीनं लॅपटॉपला लागतो आणि ग्रुप (एकत्र निवडायचे लाईट), पॅलेट (साठवून ठेवलेले रंग वगैरे), पॅच (कुठला लाईट कुठं जोडला ते) सगळं लॅपटॉपच्या पडद्यावर. लॅपटॉप साधा आहे, टच नाही. आजवर माऊसवर भागवलं.

आता का भागत नाही ते सांगतो. फाल्गुनात एका जत्रेला सामाजिक नाटक होतं. शेवटच्या अंकात बाप मुलाच्या प्रेताशेजारी येऊन बसतो, तिथं सगळं उतरवून एकच अंबर, म्हणजे पिवळसर लाईट, ठेवायचा. बाप खाली बसला आणि मला माऊसचा बाणच दिसेना. काळ्या पडद्यावर कुठल्या कोपऱ्यात गेला होता कुणास ठाऊक. सापडेपर्यंत निम्मा संवाद अंधारात गेला. काम करणारे काका साठी उलटलेले, तालुक्यात त्यांना मान आहे. रागावले नाहीत. नंतर चहा घेताना एवढंच विचारलं, "बाळा, उजेड उशिरा आला काय रे?" ते अजून डोक्यातून जात नाही.

बजेट १५ ते १८ हजार. समोर तीन पर्याय आहेत: १५.६ इंची पोर्टेबल, २२ इंची टेबलावरचा, आणि बेळगावात एकाकडे दुकानाच्या बिलिंग काउंटरचा जुना १५ इंची टच पडून आहे, तो स्वस्तात देतो म्हणतोय. लॅपटॉपला एचडीएमआय आहे, टाइप-सी नाही. कामं बहुतेक जनरेटरवर. कुणी वापरलं असेल तर सांगा की.

रंगपट_टिळकवाडी

अरे, तो काउंटरचा घेऊ नकोस. तसले जुने मॉनिटर बहुतेक रेझिस्टिव्ह असतात. काचेवर पातळ पडदा असतो, तो दाबून खालच्या थराला टेकला की टच लागतो. नखानं चालतो, ओल्या हातानं चालतो, हे खरं. पण एका वेळी एकच बोट घेतो आणि नीट दाबावं लागतं. नाटकात आपले डोळे रंगमंचावर असतात, बोट नुसतं टेकतं. क्यू (ठरवलेला लाईटचा बदल) गेला असं वाटतं आणि तो गेलेला नसतो. शिवाय १०२४ बाय ७६८ वर तुझी पॅलेटं मावायची नाहीत. कपॅसिटिव्हच घे, मोबाईलसारखा.

इंचांचं म्हणशील तर १५.६ आणि २२ दोन्ही बहुधा १९२० बाय १०८० चेच मिळतील. म्हणजे दोन्हीवर बटणं तेवढीच, फरक त्यांच्या आकारात. २२ म्हणून विकतात तो बहुतेक २१.५ असतो, पडद्याची रुंदी साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. १५.६ ची साडेचौतीस. लहान पडद्यावर जे बटण दीड सेंटिमीटरचं, ते मोठ्यावर दोनचं होतं. अंधारात शेजारचं बटण दाबलं जाणं इथंच टळतं. कुमार गंधर्व रंगमंदिरात बसून दोन्हीवर काम केलंय, परत लहानाकडे गेलो नाही.

मोठ्याची अडचण स्टँडची. साधा स्टँड बोट लावलं की मागं डुलतो. पाठीमागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत का बघूनच घे. उद्यमबागेत कुणाही फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्टीचा तिरका स्टँड करून घेता येतो, एम४ चे स्क्रू लागतात. पडदा उभा ठेवू नकोस, टेबलाकडे झुकता ठेव. तीन अंक हात वर धरून खांदा भरून येतो.

निपाणी_ऑर्केस्ट्रा

मी निपाणी-चिकोडी भागात ऑर्केस्ट्राचे लाईट करते. दादा, तुम्ही जनरेटरचं शेवटी सहज लिहिलंय, पण खरी गोष्ट तीच आहे.

माझ्याकडे कपॅसिटिव्हच आहे. पहिल्याच कार्यक्रमात स्क्रीन आपोआप दाबली जायला लागली. मी हात मांडीवर ठेवून बसलेय आणि समोर पानं बदलतायत, ग्रुप निवडले जातायत. मला वाटलं मॉनिटरच खराब. घाबरून मागची लोखंडी पट्टी धरली तर एकदम शांत. सोडली की परत सुरू. तेव्हा कळलं की अर्थिंगच नाही. मॉनिटरचा अडॅप्टर दोन पिनांचा, जनरेटरला अर्थिंगचा रॉड जमिनीत ठोकलेला नाही. अशा अडॅप्टरमधून बारीक गळती पडद्यापर्यंत येते, आणि बोटाचा अंदाज त्या बारीक फरकावरच चालत असल्यामुळे पडद्याला नसलेली बोटं दिसतात.

आता तीन पिनांचा, अर्थिंग पुढपर्यंत पोचवणारा अडॅप्टर वापरते. जनरेटरवाल्याला रॉड ठोकून त्यावर पाणी ओतायला लावते, तो कुरकुरला तरी. तसाही तो आपल्या जिवासाठी हवाच. लॅपटॉप, बोर्ड, मॉनिटर तिन्ही एकाच बोर्डवरून घ्या, आणि डिमर (लाईट कमी-जास्त करणारे) ज्या फेजवर आहेत त्यावरून घेऊ नका.

अजून एक. कुणी मोठी इन्फ्रारेड फ्रेम स्वस्तात देतो म्हणाला तर थांबा. तिच्यात कडेकडेनं किरण असतात, ते अडले की टच. पावसाळ्याच्या तोंडाला लाईटवर पाखरं येतात, ती काचेवर चालली तरी टच होतो. आमच्याकडे एका मित्राचं पूर्ण गाणं असं गेलं.

रंगपट_टिळकवाडी

ताईंचं अर्थिंगचं अगदी बरोबर, मी ते लिहायला हवं होतं. आम्ही थिएटरच्या प्लगवर असतो म्हणून लक्षात येत नाही.

लाईटवाला_नंदगड

काका, ताई, लई उपकार झाले. एक विचारायचं राहिलं. पडदे दोन झाले की टच कुठल्या पडद्यावर लागणार? मित्राच्या मॉनिटरवर करून बघितलं तर बोट मॉनिटरवर आणि क्लिक लॅपटॉपवर.

निपाणी_ऑर्केस्ट्रा

ते सगळ्यांना होतं. व्हिडिओ एचडीएमआयनं जातो, टच वेगळ्या यूएसबीनं येतो, त्यामुळे कुठला टच कुठल्या पडद्याचा हे विंडोजला सांगावं लागतं. कंट्रोल पॅनेलमध्ये टॅब्लेट पीसी सेटिंग्ज, तिथं सेटअप. एकेका पडद्यावर सूचना येते. टच असलेल्या पडद्यावर ती दिसली की बोट लावा, नसलेल्यावर आली तर एंटर दाबून पुढं जा. तिथंच जवळ पेन अँड टच मध्ये बोट दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याचं बंद करा, नाहीतर फ्लॅशचं बटण धरून ठेवताना मेनू उघडतो. आणि पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याचं बंद करा. प्रवेश लांबला, दहा मिनिटं हात लावला नाही, की नेमका तेव्हा टच झोपतो. यूएसबीची केबल पाच मीटरच्या आत ठेवा.

लाईटवाला_नंदगड

कळवायला उशीर झाला, मधे शिवजयंतीच्या चित्ररथांची कामं होती. २१.५ इंची कपॅसिटिव्ह घेतला. दुकानात लॅपटॉप आणि बोर्ड दोन्ही घेऊन गेलो होतो. दुकानदार आधी नको म्हणत होता, मग त्यानेच टेबल मोकळं करून दिलं. तासभर बसलो. हात ओला करून बघितला, ओल्या बोटाला टच इकडं तिकडं पळतो, म्हणून आता खिशात कोरडा पंचा ठेवतो. स्टँड उद्यमबागेत झाला.

चित्ररथावर पहिल्यांदा लावला. संध्याकाळी मिरवणूक निघायच्या आधी ऊन पडद्यावर होतं तोवर काही दिसेना, पुठ्ठ्याला काळा रंग मारून तीन बाजूंनी आडोसा केला. रात्री उलट झालं, उजेड एवढा की समोरचं दिसेना. मॉनिटरच्या बटणातून ब्राइटनेस अगदी खाली आणला. जनरेटरला रॉड मीच ठोकला. रात्रभर एकदाही आपोआप दाबलं गेलं नाही.

बापाचं काम करणाऱ्या त्या काकांचं नाटक परत लागलंय, पुढच्या महिन्यात. त्या अंबरचं पॅलेट डाव्या खालच्या कोपऱ्यात एकटंच ठेवलंय, शेजारची जागा मुद्दाम रिकामी. न बघता बोट जातं का ते रोज रात्री जेवण झाल्यावर करून बघतोय.

आता पेटी करायची आहे. टेम्पोत खानापूर ते जांबोटी रस्त्याचे धक्के सोसायला आतून फोम किती जाडीचा लावता तुम्ही?