अनुभव धागा : नळी तोंडात धरून पाहिलेलं प्रवाळ

कोल्हापूरकर मंडळी, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यातले कितीतरी जण अंदमान, लक्षद्वीपला जाऊन येतात. मालवण तर घरचंच. फोटो सगळ्यांचे येतात, पण पाण्यात तोंड घातल्यावर नेमकं काय झालं ते कुणी सांगत नाही. ज्यांनी स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीनं श्वास घेत पाण्यावर पालथं पडून खाली बघणं, केलंय त्यांनी इथे लिहा. काय दिसलं, काय चुकलं, पुढच्याला काय सांगाल. सुरुवात मी करते, मंगळवार पेठेतून.

मंगळवार पेठ

मी पाठीला डबा बांधून मामाच्या विहिरीत पोहायला शिकले. नववीत असताना काठावरून मुटका मारायचे. त्यामुळे 2019 च्या डिसेंबरात अंदमानला जाताना पाण्याची भीती अजिबात नव्हती.

आम्ही जॉली बॉय बेटावर गेलो. पोर्ट ब्लेअरजवळच्या (आताचं श्री विजयपुरम) वंडूर धक्क्यावरून बोट सुटते. 15 बेटांचं हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 साली झालं. धक्क्यावर पिशव्या तपासतात. आमची वेफर्सची पाकिटं तिथेच काढून घेतली आणि पाण्याच्या बाटलीसाठी अनामत रक्कम भरायला लावली. आधी वैताग आला. बेटावर उतरल्यावर कळलं, इथे ना वस्ती, ना टपरी, ना धक्का. मोठी बोट लांब थांबते आणि तळाला काच असलेल्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर आणतात. वाळूत चिटोरंसुद्धा नव्हतं.

मास्क लावला, नळी दातांत धरली, तोंड पाण्यात घातलं आणि श्वासच घेता येईना! नळीत बिघाड नव्हता. विहिरीत तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडायचा, ही तीस वर्षांची सवय. नळी वर हवेत आहे हे डोक्याला कळत होतं, छाती ऐकत नव्हती. चार वेळा तोंड वर काढलं. गाईड पोरगा शांतपणे म्हणाला, आधी नुसतं उभं राहून श्वास घ्या, मग गुडघ्यावर बसून, मग झोपून. पाचव्यांदा जमलं.

आणि मग आवाज आला. कढईत लाह्या फुटतात तसा, चहूकडून, सतत. गाईड म्हणाला, बारीक कोळंब्या आपली नांगी फटकन मिटतात त्याचा हा आवाज. पोपटमासा चोचीनं प्रवाळ खरवडतो, तेही ऐकू येतं. त्याच्या पोटातून बाहेर पडते ती पांढरी वाळू. ज्या वाळूवर चपला काढून आलो होतो, त्यातली कितीतरी त्यानंच केलेली. एक मोठा शिंपला अर्धा उघडा होता, त्याची कड इतकी निळी की पैठणीच्या काठाला तो रंग येणार नाही. माझी सावली पडली तसा तो हळूच मिटला.

तेवढ्यात नळीत पाणी गेलं. ठसका लागला आणि विहिरीच्या सवयीनं मी पाय खाली सोडले. गाईडनं काखेत हात घालून मला उचललं, "पैर नीचे नहीं, दीदी, पैर नीचे नहीं." खाली घमेल्याएवढा प्रवाळाचा गोटा होता. असे गोटे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे माझ्या तेव्हाच्या बारा वर्षांच्या लेकीहून तो मोठा होता. माझी टाच लागली की नाही, मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि ते मनातून जात नाही.

विहिरीत पोहणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. ज्याला पोहता येतं तो हातपाय मारतो, आणि तिथे हातपायच मारायचे नसतात. पालथं पडून राहायचं, बघायचं.

राजारामपुरी

ताई, अगदी बरोबर. मी आणखी एक सांगतो. मला मिशा आहेत, तालमीतल्या जुन्या माणसाला असाव्यात तशा. अंदमानातल्याच स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचवर माझ्या मास्कमध्ये दर मिनिटाला पाणी. तीन मास्क बदलले. शेवटी गाईडनं कारण दाखवलं. मास्कची रबरी कड नाकाखाली मिशीवर टेकते, केसांतून पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी नाकाखालची बोटभर पट्टी भादरली आणि कोरडं काम झालं. मास्क घेताना पट्टा न लावता तोंडावर दाबा आणि नाकानं श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची. आमच्या सूनबाईंना किळस आली, पण सगळ्यांत स्वच्छ त्यांनाच दिसलं.

कसबा बावडा

आपलं मालवण. दोनदा गेलो. पहिल्यांदा मे महिन्यात, गगनबावड्यावरनं खाली उतरलो तेव्हाच ढग भरून आलेले. समुद्र खवळलेला, पाणी मातकट, हात लांब केला तर बोटं दिसंनात. पैसे गेले म्हणून परत आलो. मग जानेवारीत गेलो तर तेच पाणी, तीच जागा, आणि खाली सगळं लख्ख. आता अंदमानाइतकं नितळ नसतंय, ते डोक्यात ठेवून जावा. पण सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट वर आणि खाली प्रवाळ, असं कुठं बघायला मिळतंय भावा? महाराजांनी 1664 ला त्या कुरट्याच्या खडकावर काम धरलं, आणि त्याच खडकांच्या आसपास हे जीव वाढत्यात. 1987 पासनं तिथं सागरी अभयारण्य हाय.

राग कशाचा आला ते सांगतो. आमच्या होडीवाल्यानं नांगर सरळ खडकावर टाकला, वर बिस्किटाचे पुडे फोडून पाण्यात. मासे झुंबड करून आले, पोरं खूश, मोबाईल बाहेर. मी म्हटलं, मामा, हे बरं न्हाई. तर म्हणाला, गिऱ्हाईकालाच पाहिजे असतंय. खरंच हाय ते. बिस्किट मागणारे आपणच. दुसऱ्या वेळी मी होडीत बसायच्या आधीच विचारलं, नांगर वाळूत टाकणार का? एकजण हो म्हणाला, त्याच्याबरोबर गेलो. आधी विचारा.

ताराबाई पार्क

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. 2024 च्या एप्रिलमध्ये लक्षद्वीपला गेलो, परवाना काढून, कोचीहून जहाजानं. तिथल्या कदमत बेटाचं सरोवरासारखं उथळ पाणी इतकं शांत की रंकाळ्यावर यापेक्षा जास्त लाटा असतात. मी पाण्यात तोंड घातलं आणि म्हटलं, अहो, किती सुंदर, पांढरंशुभ्र! आमच्याबरोबरचा तिथला मुलगा काहीच बोलला नाही. बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं की हा त्याचा खरा रंग नव्हे.

प्रवाळाच्या प्रत्येक इवल्या जिवाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं, बराचसा रंगही त्याचाच. नेहमीच्या उन्हाळ्याहून पाणी एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच आठवडे राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं. उरतो चुन्याचा पांढरा सांगाडा आणि त्यावर उपाशी जीव. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. त्या वर्षी जगभरच्या समुद्रांत हे चाललं होतं. मी शाळेत हा भाग वर्षानुवर्षं शिकवला आणि समोर आला तेव्हा त्याला सुंदर म्हणाले.

उत्तरेश्वर पेठ

थोडक्यात लिहितो. 1998 च्या सहलीत वडिलांनी एका दुकानातून प्रवाळाचा तुकडा आणला होता, फांद्याफांद्यांचा. पंचवीस वर्षं टीव्हीवर होता. पाहुणे आले की आम्ही अभिमानानं दाखवायचो. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, हे मला अंदमानला गेल्यावर कळलं. तिथे जिवंत फांद्यांत निळे मासे आत-बाहेर करताना पाहिले आणि घरचा तुकडा आठवला. तेव्हापासून त्याच्याकडे बघवत नाही. किनाऱ्यावर पडलेलाही उचलू नका.

रुईकर कॉलनी

मला पोहता येत नाही. नवरा म्हणतो, लाईफ जॅकेट असतं, काही होत नाही. खरंच जमेल का? आणि सनक्रीम लावायची नाही म्हणतात, मग उन्हाचं काय करायचं?

मंगळवार पेठ

काकू, जमेल. उलट पोहता न येणारी माणसं जॅकेट घालून शांत पडून राहतात, मी तर म्हणेन आमच्यापेक्षा बरी. फक्त गाईडनं धरलेलं तरंगतं कडं सोडायचं नाही. पाठीला ऊन लागतं म्हणून पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टीशर्ट आणि लेगिंग घाला, मग क्रीम चेहऱ्यापुरतीच लागते. काही सनक्रीममधली ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्यं प्रवाळाला बाधतात, पलाऊ देशानं 2020 पासून अशा क्रीमवर बंदीच घातली आहे. घेताना डबीवर वाचून घ्या.

आणि नळी-मास्क इथूनच घेऊन जा, सराव घरी होतो. मोठी बादली भरा, तोंड घाला, रोज पाच मिनिटं नुसता श्वास. नळीत मुद्दाम थोडं पाणी घालून जोरात फुंकून बाहेर काढायचं, ठसका घरीच लागून जाऊ दे. लेकीला या सुट्टीत पुन्हा नेणार आहे, ती आत्ता न्हाणीघरात तेच करतेय. काल दोन मिनिटांवर डोकं वर काढलं होतं, आज अजून आवाज नाही, नुसता नळीतून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचा घरघराट ऐकू येतोय.