पत्नीवर हिपॅटायटिस सीचे उपचार चालू असताना माझी ई-सिगारेट: सल्ला हवा आहे

उद्यमनगरकर

नमस्कार. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप चालवतो आणि मंगळवार पेठेत राहतो. माझ्या पत्नीवर सध्या हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे उपचार चालू आहेत. पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेआधी जी नेहमीची रक्ततपासणी करतात, तीत हा आजार प्रथम कळला. तोपर्यंत तिला थकव्याखेरीज कसलाही त्रास नव्हता, आणि तो थकवाही आम्ही घर, मुलगी व शिकवण्या यांच्या धावपळीवर ढकलत होतो. 1995 च्या सुमारास, ती शाळेत असताना, एका अपघातानंतर तिला रक्त चढवले होते. संसर्ग तेव्हाचाच असावा, असे डॉक्टरांचे मत आहे. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीत सिरॉसिस (यकृत व्रणांनी कायमचे खराब होणे) नाही असे निघाले, त्यामुळे सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर अशा दोन गोळ्या रोज एक वेळ, बारा आठवडे, असा उपचार ठरला. सध्या सहावा आठवडा चालू आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज गोळी घेतल्यावर पेन्सिलने एक फुली मारते. एकही तारीख कोरी नाही. माझी आणि मुलीची तपासणी झाली असून आम्हा दोघांनाही संसर्ग नाही.

आता माझा प्रश्न. मी सोळा वर्षे सिगारेट ओढली. दोन वर्षांपूर्वी एका मित्राने ई-सिगारेट आणून दिली आणि तेव्हापासून सिगारेट पूर्ण सुटली, याचा मला मनापासून आनंद होता. पत्नीलाही मी सिगारेट सोडली एवढेच माहीत आहे. सुटली कशाने, हे तिला ठाऊक नाही. तिचा रिपोर्ट आल्यापासून माझे ओढणे दुपटीने वाढले आहे. पूर्वी एक पॉड (निकोटिनच्या द्रवाची कुपी) चार दिवस पुरायचा, आता दोन दिवसांत संपतो. घरी असलो की न्हाणीघरात पंखा लावून किंवा गच्चीच्या जिन्यात मी ती ओढतो.

गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली. मी जिन्यातून खाली आलो तेव्हा ती दाराशीच उभी होती. ती म्हणाली, ‘‘आंब्याचा वास येतोय. आत्ता कुठले आंबे?’’ मी शेजारच्यांची उदबत्ती असेल असे सांगितले. गोळ्या सुरू झाल्यापासून तिला वासाने मळमळते. तिने नाकाला पदर लावला आणि ती आत गेली. तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

या धुराने तिच्या यकृताला किंवा गोळ्यांच्या परिणामाला बाधा येते का? मी हे आताच सोडावे, की तिचे बारा आठवडे पुरे होईपर्यंत थांबावे? आता सोडले आणि तलफ न आवरून पुन्हा सिगारेटवर गेलो तर काय, ही भीती मला सर्वांत जास्त वाटते. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

राजारामपुरीतली फार्मासिस्ट

नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे औषधांच्या दुकानात काम करते. वहिनींचा उपचार योग्य मार्गाने चालला आहे, हे वाचून बरे वाटले. हा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला, आणि त्यावर लस अजूनही नाही. पण या नव्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवाहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी सुरू झाला. त्याखाली ही औषधे सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. हे वाचणाऱ्या आणखी कोणाला गरज असेल तर त्यांनी सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. वहिनींच्या दोन्ही गोळ्यांना ज्यांची अडचण होते अशी औषधे ठरलेली आहेत: क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन. निकोटिन त्या यादीत नाही. तुम्ही जिन्यात ओढल्यामुळे त्यांच्या गोळ्या निकामी होतील, ही भीती मनातून काढून टाका. मात्र ज्याला आपण वाफ म्हणतो ती वाफ नसते, हेही लक्षात घ्या. बॅटरीवर तापणारी कॉइल आतला द्रव उडवते आणि त्यातून प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवरची रसायने यांच्या सूक्ष्म थेंबांचा फवारा बाहेर पडतो. द्रव फार तापला तर त्यात फॉर्माल्डिहाइड तयार होते, कॉइलमधून निकेलसारखे धातूही येतात. न्हाणीघरासारख्या बंद जागेत हे थेंब हवेत राहतात, भिंतींवर आणि टॉवेलवर बसतात, आणि त्यानंतर आत जाणारी व्यक्ती ते श्वासातून घेते. ज्या बाईला आधीच मळमळते आहे, तिच्यासाठी तो गोड वासच मोठा त्रास आहे. तेव्हा घरात आणि जिन्यात ओढणे तरी आजपासून बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. 2019 च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायद्याने देशात या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणुकीस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ओढणाऱ्यासाठी त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. पण तुमच्या हातात येणारा प्रत्येक पॉड चोरवाटेने आलेला असतो, आणि त्यावर छापलेले निकोटिनचे प्रमाण खरे आहे की खोटे हे तपासणारे येथे कोणीही नाही. घरात मूल आहे, आणि हा द्रव पोटात गेल्यास विषारी ठरतो.

गंगावेसचा रहिवासी

फार्मासिस्टताईंचे म्हणणे मला मान्य आहे, तरी एका बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मांडणे मला आवश्यक वाटते. माझे धाकटे बंधू इंग्लंडमध्ये असतात. तेथील सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेटचा पर्याय सुचवते. तेथे द्रवातील निकोटिनवर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि माल नोंदणी करूनच विकावा लागतो. बंधूंची सिगारेट त्याच मार्गाने सुटली. त्यामुळे उद्यमनगरकर दादांनी सिगारेट सोडली ही लहान गोष्ट नाही, आणि या दिवसांत एकाएकी सगळे बंद करून त्यांनी पुन्हा सिगारेट पेटवली तर नुकसान अधिक होईल. सिगारेटचा धूर यकृताच्या कर्करोगाच्या कारणांत गणला जातो, आणि ज्या घरात यकृताचा रुग्ण आहे त्या घरात तो धूर परत येता कामा नये. वहिनींचे सहा आठवडे उरले आहेत. तोवर घराबाहेर, ठरलेल्या वेळी, प्रमाण कमी करत राहावे आणि नंतर पूर्ण सोडावे, असे मला वाटते.

राजारामपुरीतली फार्मासिस्ट

गंगावेसच्या दादांची काळजी रास्त आहे. परंतु इंग्लंडमधला नोंदणीकृत माल आणि आपल्याकडे चोरून येणारा माल यांत फार मोठा फरक आहे. शिवाय निकोटिन एकाएकी तोडण्याची गरजच नाही. त्याची जागा घेणारी औषधे आहेत. 2 मिलिग्रॅमचे निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळते, 4 मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला ओढावेसे वाटते, त्याला बहुधा 4 मिलिग्रॅमची गरज पडते. म्हणून गम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा भेटा, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो त्यांना आधी सांगा.

हे गम च्युइंगगमसारखे चघळत राहायचे नसते, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. ते सावकाश चावावे. जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की चावणे थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, चव ओसरली की पुन्हा चावावे, असे सुमारे अर्धा तास. भराभर चावून थुंकी गिळली तर निकोटिन पोटात जाते, उचक्या लागतात, छातीत जळजळते, आणि माणूस ‘गमने काही होत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी सोडून देतो. चहा किंवा कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटे थांबावे. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होईल, झोप मोडेल. पण प्रत्येक तलफ काही मिनिटेच टिकते, आणि तेवढा वेळ काढायचा असतो.

सिगारेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक छापलेला असतो. त्यावर समुपदेशक बोलतात. वर्कशॉपमधून फोन करण्यास हरकत नाही.

बरी झालेली एक रुग्ण

मी कागल भागात राहते. पाच वर्षांपूर्वी मला हाच आजार होता आणि याच गोळ्यांनी मी बरी झाले. वरील उत्तरांत औषधांबद्दल बरेच आले आहे, म्हणून मी जिन्यातल्या त्या रात्रीबद्दलच लिहिते.

दादा, त्या दिवसांत घरातला प्रत्येक बदललेला आवाज आणि वास रुग्णाच्या ध्यानात येतो. माझे यजमान रोज संध्याकाळी डॉक्टरांशी फोनवर बोलायला म्हणून बाहेर जात आणि तंबाखू मळून खाऊन येत. मला वाटत असे की माझ्या रिपोर्टमध्ये काहीतरी वाईट निघाले आहे आणि ते माझ्यापासून लपवले जात आहे. जवळजवळ महिनाभर मी मनाने माझ्या मुलाची सोय लावत होते, कोणती बहीण त्याला सांभाळेल याचा विचार करत होते. शेवटी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी सापडली, तेव्हा मी रागावण्याऐवजी रडले, कारण लपवलेली गोष्ट फक्त तंबाखू होती.

वहिनींना उदबत्तीचे उत्तर पटले असेल असे मला वाटत नाही. या आजारात आधीच लोक विचारतात की हे कुठून लागले, कोणापासून लागले. कोणी पांढरी कावीळ म्हणून पाला आणून देते, कोणी ताट-वाटी वेगळी ठेवायला सांगते, जरी हा आजार एका ताटात जेवल्याने पसरत नाही. दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवले म्हणजे पुरे. एवढ्या गोष्टींना तोंड देणाऱ्या बाईला नवऱ्याने तरी खरे सांगावे. तुम्ही आता सोडावे की सहा आठवड्यांनी, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. त्यांना सांगा, मग दोघांनी मिळून ठरवा. पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जाल तेव्हा डॉक्टरांसमोर स्वतःच्या निकोटिनबद्दलही बोला. रुग्णाच्या फाईलमध्ये तुमचे नाव नसले तरी डॉक्टर ऐकून घेतात.

उद्यमनगरकर

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. कागलच्या ताईंचे उत्तर मी दोनदा वाचले आणि त्याच रात्री पत्नीला सगळे सांगितले. तिने ते यंत्र हातात घेऊन पाहिले, वास घेतला आणि तोंड फिरवले. मग म्हणाली की तिला वाटले होते, माझी पुन्हा सिगारेट सुरू झाली आहे आणि तिच्या आजारामुळेच सुरू झाली आहे. म्हणजे सहा आठवडे ती स्वतःलाच दोष देत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गंगावेसच्या दादांचा मुद्दा आम्ही दोघांनी बोलून पाहिला. शेवटी सोडण्यासाठी सहा आठवडे थांबायचे नाही असे ठरले. डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमचे गम लिहून दिले असून आज अकरावा दिवस आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी कामगारांवर विनाकारण ओरडलो. नंतर दोघांची माफी मागितली. सिगारेट पेटवलेली नाही. कॅलेंडरवर तिच्या फुलीशेजारी आता माझीही एक फुली असते, ती मुलगी मारते.

एकच शंका उरली आहे. ते यंत्र आणि उरलेले दोन पॉड यांचे काय करावे? मित्राला परत द्यावे का?

राजारामपुरीतली फार्मासिस्ट

मित्राला देऊ नका. कायद्याने वाटप आणि साठवण दोन्हींवर बंदी आहे, आणि त्याच्या हाती ते पुन्हा वापरातच येईल. घंटागाडीतही टाकू नका; आत लिथियमची बॅटरी असते, ती दाबली गेली तर पेट घेते. यंत्र ई-कचऱ्यात द्यावे. पॉडमधला द्रव मोरीत ओतू नका. पॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून मुलीचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा आणि त्याच ई-कचऱ्यासोबत द्या. गम सहसा आठ ते बारा आठवडे लागते. तीन-चार आठवड्यांनी बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नका, हळूहळू कमी करा.

वहिनींची गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी होणारी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी मात्र चुकवू नका. विषाणू गेला की नाही, हे तीच सांगते. अँटिबॉडीची (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रतिद्रव्यांची) तपासणी बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, ती पाहून घाबरू नका.